अकरा बकुळी

लिफ्टमध्ये नाकात झोंबणारा वास. गोठ्यासारखा, पण त्यात गाय नाही.

प्रकल्प क्रमांक तीन. विषय : माझ्या परिसरातील प्रदूषण. निष्कर्ष : प्रदूषण ही वाईट गोष्ट आहे. सर्वांनी ते टाळावे. गुण : दहापैकी नऊ.

निळ्या ड्रमच्या तळाशी एक कान. सोनेरी रंग अजून शाबूत.

पितळी पाटी, तळहाताएवढी. कै. गोदाबाई. खाली बारीक अक्षरात : आमची सावली.

'ताई, हे सगळं फक्त तुमच्यामुळे!!' खाली सेहेचाळीस अंगठे.

फेब्रुवारीची वीस तारीख, पारा छत्तीसवर. बसमधली एक बाई दुसरीला म्हणाली, "आता थंडी फक्त फ्रीजमध्ये."

"मॅडम, तिकडून नका. चिखल हाय, चप्पल भरंल."

हे शेवटचं वाक्य कानावर पडलं आणि नम्रताचा उचललेला पाय तसाच राहिला. आवाज तिने चेहऱ्याआधी ओळखला. काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत माती भरत एक माणूस उकिडवा बसला होता, मान अर्धी वळवून तिच्याकडे बघत होता आणि त्याच्या पाठीवर विटलेली हिरवी अक्षरं होती : माझा कचरा, माझी जबाबदारी. असे साठ टी-शर्ट तिनेच छापून घेतले होते. सोसायटीतल्या लोकांनी ते एक दिवस घातले, फोटो काढले आणि मग गाड्या पुसायला घेतले. हा एक मात्र अजून अंगावर होता, खांद्यापाशी उसवलेला, पण अंगावर. मागे वळावं, फोन आल्यासारखं करावं, फाटकाबाहेर पडावं, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि ते इतक्या चटकन आलं की आपण मनातल्या मनात याची तालीम करत होतो की काय, अशी शंका तिला आली. कोथरूडातल्या चार रोपवाटिका सोडून, दोन बस बदलून, येरवड्याच्या पुढे नदीच्या अंगाला असलेल्या या वाटिकेत ती आली होती ती एवढ्याचसाठी की कोथरूडात तिला सगळे ओळखतात. अकरा बकुळी हव्यात म्हटल्यावर कोणीतरी विचारणारच, आधीच्यांचं काय झालं हो? आणि इथे, या आडबाजूला, ज्याला ते विचारायची गरजच नव्हती तो माणूस तिला चिखलातून वाट दाखवत होता.

"उत्तरेश्वर," ती म्हणाली. "तुम्ही इथे?"

"तीन म्हैनं झालं." त्याने हात टी-शर्टला पुसले. "इकडनं या. विटांवरनं."

ती विटांवरून गेली. तो पुढे, ती मागे. तो कुठे नेतोय हे विचारायचं तिला सुचलं नाही. तुम्ही, असं त्याला म्हणणारी सोसायटीत ती एकटीच होती, याचं तिला सहा वर्षं बरं वाटत आलं होतं. बाकी सगळे 'ए उत्तरेश्वर' म्हणायचे. दीनानाथ, म्हणजे सेक्रेटरी, ते तर नुसतंच 'माळी' म्हणायचे, समोर असला तरी. ती मात्र अहो-जाहो. नोव्हेंबरातल्या त्या मीटिंगमध्येसुद्धा तिने तुम्हीच म्हटलं होतं. तेव्हा तोंडातून गेलेला तो शब्द आता तिला एखाद्या महागड्या पातळ सुरीसारखा वाटला, जिने कापल्यावर आधी काही कळतच नाही.

तिला समजून घ्यायचं तर आधी तिचा विषय समजून घ्यायला हवा. ज्युनियर कॉलेजात ती पर्यावरण शिकवते. सगळ्यांना सक्तीचा आणि म्हणून कोणालाच नको असलेला विषय. ज्यात कोणी नापास होत नाही. मुलं आदल्या वर्षीच्या मुलांच्या वह्या आणतात, चित्रं उचकटून आपल्या वहीत चिकटवतात. एकच आजारी ध्रुवीय अस्वल तिने सलग तीन वर्षं तीन वह्यांत पाहिलं होतं, दरवर्षी थोडं जास्त चुरगळलेलं. स्टाफरूममध्ये तिच्या तासाला 'ऑफ पीरियड' म्हणतात, तिच्यासमोर, हसत, आणि तीही हसते. अशी बावीस वर्षं. आणि मग सोसायटी. ओला कचरा, सुका कचरा, गच्चीवर सौर पॅनेल, कंपोस्टचा खड्डा, जुन्या साड्यांच्या पिशव्या. सोसायटीत ती बोलली की लोक गप्प बसायला लागले. पहिल्यांदा असं झालं तेव्हा रात्रभर तिला झोप लागली नव्हती, इतका आनंद. दीनानाथांनी टोमणा मारला होता, "नम्रताताई, आता आमच्या घरच्या भांडणांचाही ओला-सुका करून द्या," आणि तिला तोही मानपत्रासारखा वाटला. कुंपणाच्या भिंतीलगत बारा बकुळी लावायची कल्पनाही तिचीच. ज्यांच्या घरात कोणी गेलं, त्यांनी त्या माणसाच्या नावाने एक झाड लावायचं आणि बुंध्याशी पितळी पाटी. पहिली बकुळ आप्पासाहेबांनी लावली, बायकोच्या नावाची. ही सगळी जमीन एकेकाळी आप्पासाहेबांचं शेत. बिल्डरला दिली तेव्हा दोन फ्लॅट मिळाले, आणि अजूनही ते पार्किंगमधून चालताना बांधावरून चालल्यासारखे चालतात. शेवटची, बारावी, नम्रताच्या वडिलांची. कै. रंगनाथ. जनरेटरच्या शेजारी, कारण तिनेच म्हटलं होतं, मला शेवटची जागा चालेल.

"ही बघा," उत्तरेश्वर थांबला. पुरुषभर उंचीच्या बकुळी ओळीने उभ्या होत्या. "किती पायजेत?"

त्याला माहीत होतं. तिला माहीत होतं की त्याला माहीत आहे. तरी तिला तो आकडा उच्चारावा लागला.

"अकरा."

त्याने मान हलवली, जसा भाजीवाला पाव किलो म्हटल्यावर हलवतो, आणि एकेका पिशवीला हाताने थोपटत, बुंधा हलवून बघत पुढे सरकू लागला. एक मार्चला 'हरित सोसायटी' स्पर्धेचे परीक्षक येणार होते. दीनानाथांनी ग्रुपवर लिहिलं होतं : रोपे मोठी आणावीत, परीक्षकांना दुर्बीण पुरवणे शक्य नाही.

सगळं सुरू झालं गणपतीत. शाडूच्या मूर्ती आणा, असं ती तीन वर्षं सांगत होती आणि तीन वर्षं लोक माना डोलावून प्लॅस्टरच्या आणत होते. डोळे सुंदर असतात म्हणे. मग गेल्या वर्षी तिने ठरवलं, ठीक आहे, प्लॅस्टर तर प्लॅस्टर, पण नदीत नाही. अमोनियम बायकार्बोनेटची पावडर मिळते, पाण्यात कालवायची, मूर्ती त्यात ठेवायची, चार-सहा दिवसांत विरघळते. पार्किंगमध्ये नऊ निळे ड्रम मांडले. त्रेपन्न मूर्ती. आरत्या झाल्या, मोरया झाला आणि मग जे कोणी कधी पाहत नाही, ते सगळ्यांनी पाहिलं. नदी हे एका क्षणात झाकून टाकते. ड्रम झाकत नाही. दुसऱ्या दिवशी सोंडा गेल्या. तिसऱ्या दिवशी पोटं उघडली. ड्रमातून बुडबुडे येत होते आणि अमोनियाचा वास जिन्यातून, लिफ्टमधून चौथ्या मजल्यापर्यंत. पाचव्या दिवशी एका लहान मुलीने ड्रममध्ये डोकावून विचारलं, "बाप्पाचा कान राहिलाय, त्याला ऐकू येतंय का?" आणि तिच्या आईने तिला ओढत नेलं. लोक कुजबुजायला लागले. नम्रताला पहिल्यांदा वाटलं की हे हातातून जातंय. उत्तरेश्वर मात्र रोज सकाळ-संध्याकाळ नाकाला उपरणं बांधून बांबूने ड्रम ढवळत होता. ढवळायच्या आधी तो चपला काढायचा. तिने ते पाहिलं होतं आणि तिला तेव्हा, खरं सांगायचं तर, थोडं हसू आलं होतं.

सातव्या दिवशी मूर्ती विरल्या. तळाशी पांढरा गाळ, वर पिवळट नितळ पाणी. हे पाणी म्हणजे खत, हे तिला ठाऊक होतं. पावडरीच्या पोत्यांबरोबर आलेल्या माहितीपत्रकात ठळक अक्षरात होतं. तिने ग्रुपवर लिहिलं : आपले बाप्पा आता आपल्या माणसांच्या झाडांत मिसळणार. त्याखाली कोणाचं तरी 'फक्त तुमच्यामुळे', आणि त्यावर ते सेहेचाळीस अंगठे. आप्पासाहेब खाली येऊन गोदाबाईंच्या बकुळीपाशी हात जोडून उभे राहिले, "देवाचं पानी मिळतंय म्हातारीला," म्हणाले. उत्तरेश्वरने बादल्यांनी पाणी घातलं. नऊ ड्रम, अकरा झाडं. बाराव्यापर्यंत पुरलं नाही.

दसऱ्याला पानांच्या कडा तपकिरी झाल्या. दिवाळीत पानं वाजायला लागली. कोरड्या पापडासारखी. नम्रताने तेव्हा, घरात कोणी नसताना, ते माहितीपत्रक शोधून काढलं आणि उलटं केलं. मागच्या बाजूला लिहिलं होतं, झाडांना वापरण्यापूर्वी पन्नास पट पाणी मिसळावे. ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. कुकरची तिसरी शिटी झाली, चौथी झाली. मागची बाजू. मुलांना ती दर परीक्षेत सांगते, प्रश्नपत्रिकेची मागची बाजू बघा रे.

मीटिंग पार्किंगमध्येच झाली, जिथे ड्रम होते तिथे खुर्च्या मांडून. "अकरा झाडांनी ठरवून प्राण सोडलेले दिसत नाहीत," दीनानाथ म्हणाले. आप्पासाहेब पुढच्या खुर्चीत गोदाबाईंची पितळी पाटी हातात घेऊन बसले होते, अंगठ्याने पुसत. "आमी जन्मभर शेती केली," ते म्हणाले, "अशी करपलेली झाडं म्या न्हाई बघितली. ह्यानं कायतरी वतलंय." उत्तरेश्वर खांबाजवळ उभा होता. काय घातलंस, विचारल्यावर म्हणाला, "ड्रमातलं पानी, साहेब." मग दीनानाथ तिच्याकडे वळले. "नम्रताताई, त्यात साधं पाणी मिसळायचं असतं का?" आणि ती म्हणाली, "हो. पन्नास पट." आवाज वर्गातला, स्पष्ट. "म्हणजे या गृहस्थांनी मिसळलं नाही." "उत्तरेश्वर, तुम्ही मिसळलं नाहीत?" तिने विचारलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, आशेनेही नाही. वहीत उत्तर सापडत नसलेला मुलगा फळ्याकडे बघतो तसं. "न्हाई मिसळलं," तो म्हणाला. आप्पासाहेब म्हणाले, "वाचता येत न्हाई का ह्याला?" "येतं, साहेब," तो म्हणाला. दीनानाथांनी एकदा विचारलं, "ताई, आणखी काही बोलायचंय?" आणि ती म्हणाली, "नाही, चालू द्या." चार दिवसांत उत्तरेश्वरची पंपाशेजारची खोली रिकामी झाली. ती खोटं बोलली नव्हती. एकही शब्द खोटा नव्हता. तीन महिने रोज सकाळी दात घासताना ती हे वाक्य उलटंसुलटं करून बघत होती आणि ते दरवेळी खरंच निघत होतं, त्याचाच तिला आता वीट आला होता. त्यात बाराव्या बकुळीला त्या हिवाळ्यात फुलं आली. "स्वतः काळजी घेतली की असं होतं," दीनानाथ चारचौघांत म्हणाले. तिने मान खाली घातली, आणि लोकांना तो विनय वाटला.

"ह्या अकरा चांगल्या हायेत," उत्तरेश्वर म्हणाला. "पन एक सांगू? लावायच्या आधी तिथली माती काढा. तीन फूट. सगळी. नवी माती, शेणखत, आन मग लावा. न्हाईतर ह्याबी जातील."

"एवढी खारावली असेल अजून?"

"असंल की. आमच्याकडं, धाराशिवला, युरिया टाकला तरी पाठोपाठ पानी सोडत्यात. न्हाईतर मूळ भाजतं. हे तर ड्रमच्या ड्रम." तो हसला, तिच्याकडे न बघता. "नवा माळी हाय का?"

"एजन्सीचा येतो. आठवड्यातून दोनदा."

"त्याला सांगा मग. न्हाईतर त्याच्यावर यायचं."

तिला घाम फुटला होता. सावलीच्या हिरव्या जाळीखाली हवा साठून राहिली होती, ओल्या मातीची, शेणखताची, आणि तिला मध्येच तो जिन्यातला वास आल्याचा भास झाला. सृष्टी कशी आहे, तिने विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. सृष्टी त्याची मुलगी. पंपाच्या खोलीबाहेर बादली उपडी घालून अभ्यास करायची.

"दहावीला हाय. शाळा तीच ठेवली, कोथरूडची. पहाटं निघती, दोन बस बदलती. तुमच्याच विषयात पैकीच्या पैकी पडल्यात." त्यात टोमणा आहे का, हे तिने त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग तो जे बोलला ते त्याने बहुधा ती विटांवरून येत होती तेव्हापासून जुळवत आणलं असावं. एका कंपनीच्या बागेत जागा होती. राहायला खोली, सृष्टीच्या शाळेपासून चालत दहा मिनिटं. सुपरवायझरला काम पसंत पडलं होतं. "पन त्यांनी सोसायटीत फोन केला. सेक्रेटरी साहेब म्हनले, ह्यानं झाडं जाळली. आता ते म्हनत्यात, तिथल्या कुनी जबाबदार मानसाची चिठ्ठी आन." तो थांबला. "तुमी दिली तर हुईल. तुमचं नाव मोठं हाय तिथं."

नम्रताने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. तीत तपासायच्या प्रकल्पाच्या वह्या होत्या. त्यातल्या एका वहीचा पुठ्ठा तिने टेबलासारखा धरला आणि आपल्या डायरीचा कागद फाडून लिहायला लागली. अक्षर छान आहे तिचं. श्री. उत्तरेश्वर हे आमच्या सोसायटीत सहा वर्षे माळी म्हणून कार्यरत होते. ते प्रामाणिक, कष्टाळू व मनमिळाऊ आहेत. त्यांना झाडांचे उत्तम ज्ञान आहे. हे लिहिताना तिला चक्क बरं वाटायला लागलं, उबदार, कोणाला तरी भरभरून गुण देताना वाटतं तसं. तिने कागद त्याच्या हातात दिला. तो ओठ हलवत, एकेक ओळ बोटाने धरून वाचत गेला. शेवटापर्यंत गेला आणि कागद पालटून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"झाडांचं न्हाई लिहिलं," तो म्हणाला.

"ते कशाला उगाच? चांगलं लिहिलंय ना बाकी?"

"ते चांगलंच लिहिलंय. पन साहेब तेवढंच इचारनार."

तिने कागद परत घेतला. पेन टेकवलं. एक वाक्य हवं होतं. तिला ते वाक्य पाठ होतं, दात घासताना खऱ्या वाक्याच्या मागे ते रोज उभं असायचं. झाडांना ते पाणी तसेच घालायला मी सांगितले. सात शब्द. हे सात शब्द लिहिल्यावर काय काय होईल, ते तिला एखाद्या तक्त्यासारखं दिसलं : हा कागद सुपरवायझरकडून फोनवर दीनानाथांकडे, दीनानाथांकडून ग्रुपवर, आणि आप्पासाहेब पाटी पुसता पुसता थांबतील. ते ओरडणार नाहीत. ते म्हणतील, "व्हय का, बाई?" एवढंच. मग मीटिंगमध्ये ती बोलायला लागली की लोक गप्प बसणार नाहीत. आपसांत बोलत राहतील, ऑफ पीरियडसारखे. नदीत न टाकलेल्या त्रेपन्न मूर्ती, सौर पॅनेल, सहा वर्षांचा कचरा, सगळं त्या सात शब्दांखाली जाईल. मग सोसायटीत ओला-सुका कोण बघणार? तिच्या मनाने हेसुद्धा तिला विचारलं, पर्यावरणाच्या वतीने, आणि तिला आपलीच किळस आली. पण हात थांबला तो थांबलाच.

झाडांच्या नुकसानीस ते जबाबदार नव्हते, असं तिने लिहिलं.

त्याने वाचलं. "मग कोन, म्हनतील."

तिने पेनाला टोपण लावलं. वाटिकेच्या मागे कोणीतरी पाण्याचा पाइप सोडला होता, पाणी पिशव्यांवर आदळत होतं. उत्तरेश्वरने कागदाची घडी घातली, पुन्हा एक घडी, आणि टी-शर्टला खिसा नसल्याने पँटच्या मागच्या खिशात ठेवली. "राहू द्या. फोन नंबर तेवढा घातलाय का? हां, घातलाय. त्यांनी फोन केला तर सांगाल ना, मॅडम?"

"सांगेन की."

"मग झालं." त्याला पटलं होतं, का त्याने तिला तिथून सोडवलं होतं, हे तिला कळलं नाही. त्याने अकराही बकुळी एकेक करून टेम्पोत चढवल्या, बुंध्याला धरून नाही, पिशवीला खालून हात घालून, आणि त्यांच्या शेंड्यांना वारा लागू नये म्हणून वरून ओलं गोणपाट बांधलं. ड्रायव्हरला सांगितलं, हळू घे, गतिरोधक बघून. ती ड्रायव्हरशेजारी बसली. पुलावर आल्यावर खिडकीतून नदीचा वास आला आणि मागे गोणपाटाखाली पानं एकमेकांवर घासत राहिली, कोथरूडपर्यंत.

फोन गुरुवारी पावणेअकराला, स्टाफरूममध्ये आला. माणूस सभ्य होता, वेळ घेतल्याबद्दल आधी माफी मागितली. चिठ्ठी मिळाली म्हणाला, अक्षर फार सुरेख आहे म्हणाला. "एकच विचारायचं होतं, मॅडम. ते पाणी तसंच घालायला त्याला कोणी सांगितलं होतं का? म्हणजे माणूस स्वतःच्या डोक्याने असं काही करणारा नाही ना, एवढंच." शेजारच्या टेबलावर केमिस्ट्रीच्या बाई डब्याचं झाकण उघडत होत्या. नम्रताने समोरची वही मिटली.

"इतकं आता मला नक्की आठवत नाही हो," ती म्हणाली.

विसर्जनानंतरच्या सातव्या दिवशी, सकाळी सव्वासातला, उत्तरेश्वरने ड्रममधून पहिली बादली भरली, ती खाली ठेवली आणि विचारलं होतं, "मॅडम, ह्यात पानी मिसळू का?" ती नको म्हणाली होती.